लोडाची खोळ: गोल तोंड, पाइपिंग आणि इरकलीचा काठ

लोडाची खोळ बिघडते ती तोंडाशी. मधली नळी कुणीही शिवेल, एका सरळ टिपेचं काम आहे ते. पण टोकाच्या गोल चकत्या बसवताना कुठे चुणी पडते, कुठे कापड उरतं, आणि लोड भिंतीला टेकवला की नजर नेमकी तिथेच जाते. सांगलीत पेठेतल्या गादीपासून घरच्या हळदीकुंकवाच्या बैठकीपर्यंत लोड सगळीकडे लागतो, पण शिवणकाम शिकवताना उशीच्या अभ्र्यावरच गाडी थांबते. म्हणून इथे फक्त लोड.

आधी माप. कापसाचा लोड मधे फुगीर आणि टोकांना किंचित बारीक असतो. टेपने तीन ठिकाणी घेर मोजा. फरक इंचाच्या आत असेल तर मधला आकडा धरा; जास्त असेल तर लोड उन्हात टाकून, थोपटून सारखा करा आणि पुन्हा मोजा. कापूस नुकताच पिंजून भरलेला असेल तर तो पुढे दबतो, त्यामुळे महिनाभर साध्या मांजरपाटाच्या आतल्या खोळीत वापरून मग वरच्या खोळीचं माप घेणं उत्तम. फोमच्या लोडाला ही अडचण नाही; तिथे घेर उलट अर्धा इंच कमी धरा, खोळ ताठ बसते.

समजा घेर २८ इंच आणि लांबी ३० इंच आहे. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) धरून नळीचं कापड २९ बाय ३१ कापायचं. चकतीसाठी २८ ला ३.१४ ने भागा: व्यास ८.९ इंच, म्हणजे त्रिज्या साडेचारला जरा कमी. माया मिळवून ५ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात २९ इंच नळीला गेले की शेजारी १५ इंचांची पट्टी उरते, तीत १० इंच व्यासाच्या दोन्ही चकत्या एकाखाली एक बसतात. एका लोडाला एक मीटर पुरतं, आटण्याची सोयही त्यातच होते.

आटणं मात्र विसरून चालणार नाही. विटा, इचलकरंजीकडचं मागावरचं सुती कापड बऱ्याचदा खळीचं असतं. हाताला जाड, ताठ लागतं आणि पहिल्या धुण्यात निम्मा ताठपणा जातो. तुकड्यावर २० इंचांचा चौकोन आखून धुऊन वाळवा. तो १९ इंच भरला तर कापड पाच टक्के आटतं. २८ इंचांच्या घेराला हा जवळजवळ दीड इंचाचा फटका आहे, ती खोळ पुन्हा लोडावर चढणार नाही. त्यामुळे सगळं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, किंचित ओलं असतानाच इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. पाइपिंग म्हणजे तोंडाच्या शिवणीत बसणारी, पट्टीत दोरी भरलेली गोल कड; तिची सुती दोरीही गरम पाण्यातून काढा. ही गोष्ट हमखास राहते. कापड आटलेलं आणि दोरी न आटलेली, असं झालं की पहिल्या धुण्यानंतर गोल तोंड चुरगळून आत ओढलं जातं आणि दोष उगाच शिवणीला लागतो.

पाइपिंगची पट्टी उरेबच, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत कापलेलीच हवी. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी गोलावर वळत नाही, तिला घड्या पडतात. १२ इंचांच्या चौकोनातून दीड इंच रुंदीच्या तिरक्या पट्ट्या कापून जोडल्या की दोन्ही तोंडांना लागणारी ६० इंच पट्टी निघून वर उरते. जोडही तिरकाच घ्या, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही.

शिवताना क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा चेन (सजावटीचा काठ लावायचा असेल तर तो हिच्याही आधी). पाच नंबरची नायलॉन चेन मीटरवर मिळते, रनर (चेन उघडणारी सरकती कडी) वेगळा ओवायचा. ३० इंच लांबीत दोन्ही टोकांना दोन-दोन इंच पक्की टीप मारा, मधल्या २६ इंचांवर मोठ्या टाक्याची कच्ची टीप. माया उघडून इस्त्री करा, चेन पालथी ठेवून दोन्ही बाजूंनी टिपा मारा आणि कच्ची टीप उसवा. आता चेन अर्धी उघडी ठेवा. दुसरी चकती बसेपर्यंत ती बंद राहिली, तर खोळ आतल्या बाजूने शिवून तयार होते आणि सुलटी करायला वाटच उरत नाही.

आता तोंड. बरेच जण पाइपिंग चकतीला लावतात. माझं ठाम मत, ते नळीच्या कडेला लावावं. नळीची कड सरळ धाग्यावर आहे, ती ताणत नाही. चकतीचा परीघ मात्र चार ठिकाणी उरेब असतो, हातात घेतली तरी ती ताणते. त्यावर दोरी शिवायला गेलात की पसरलीच. मशीनला एका बाजूचा पाय (चेन लावायचा) लावून दोरीला चिकटून, कडेपासून चार सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाइपिंग नळीला शिवून घ्या. जोड चेनच्या शिवणीवर आणू नका, तिथे आधीच जाडी आहे. दोन इंच बाजूला घ्या. मग पाइपिंग आणि नळी दोन्हींच्या मायेला दर अर्ध्या इंचाला तीन सूत खोल काप द्या, टीप तुटता कामा नये. पाइपिंग नकोच असेल तरी नळीच्या कडेला साडेतीन सुतांवर एक टीप मारूनच काप द्या, नाहीतर काप पुढे फाटत जातात.

चकती आणि नळीचं तोंड, दोन्ही आठ भागांत दुमडून खुणा करा. खुणेला खूण टाचणीने जोडा. मशीनवर घेताना चकती खाली, नळी वर. खालचे दाते चकतीचं उरलेलं कापड हळूहळू आत घेतात आणि पाइपिंगची आधीची टीप वरून दिसते, तिच्यावरूनच चालायचं. मॅटीसारख्या जाड कापडाला १६ नंबरची सुई, केसमेंटसारख्या त्याहून मऊ कापडाला १४ ची. इंचाला दहा टाके पुरेत.

चकती मोठी वाटली तर ओढून बसवू नका. इथे एक हिशोब ध्यानात ठेवा: त्रिज्या एक सूत घटली की परीघ सहा सुतांहून थोडा जास्त, म्हणजे पाऊण इंच घटतो. पेन्सिल बांधलेला दोरा आखताना सुतभर ताणला गेला, की चुण्या तिथेच पेरल्या गेल्या. उपायही तेवढाच आहे, चकती सुतभर छाटा आणि आठ खुणा पुन्हा करा. दोरा-पेन्सिलीपेक्षा पुठ्ठ्याची चकती एकदाच नीट काढून ठेवलेली बरी, चार लोडांना आठ चकत्या एकसारख्या निघतात.

सजावटीला जुन्या इरकलीचा काठ फार शोभतो. काठाचा प्रकार गोमी असो वा परासपेठ, नळीच्या दोन्ही टोकांपासून दोन इंच आत त्याचं कडं घ्या. हे नळी सपाट असतानाच, चेनच्या आधी. काठ नवा असेल तर तोही भिजवून घ्या, कारण सूत आणि रेशीम वेगवेगळं आटतं. जुना असेल तर दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणा. धागे सरकून फट दिसली तर खाली मांजरपाट लावल्याशिवाय वापरू नका. दोन्ही कडांच्या टिपा एकाच दिशेने मारा. एक वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली की काठ तिरका ओढला जातो, इस्त्रीने तो सरळ होत नाही.

खणाचं कापड चकतीसाठी छान, पण तोंडाला चुण्या घालून मधे बटण लावायचं असेल तर खण नको. त्याच्या चुण्या मधे गोळा होऊन टेकताना पाठीला टोचतात. तिथे चकतीऐवजी मऊ केसमेंटची २९ बाय साडेपाच इंचांची पट्टी घ्या. गोंडे मात्र मशीनने शिवू नका. गोंड्याला फास आणि तोंडाच्या मध्यावर बटण ठेवा, धुताना काढता येतात.

लाल, हिरव्या खणाचा रंग आधी तपासाच: ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमाल रंगला तर ते कापड फिक्या खोळीला जोडू नका. मिठाच्या पाण्याने सुटणारा रंग थांबत नाही.

हळदीकुंकवानंतरचे डाग घाईने चोळू नका. कुंकू आधी कोरडंच झटकायचं, पाणी लागलं की ते धाग्यात उतरतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. त्याने घाबरायचं नाही, साबण नीट खळबळून काढा आणि पांढरी खोळ ओली असतानाच कडक उन्हात पसरा, पिवळेपणा उन्हाने उतरत जातो. इरकलीचा काठ असलेली खोळ मात्र उलटी करून सावलीतच वाळवा आणि पिळू नका. काठात रेयॉन असेल तर ओलेपणी त्याचा धागा सगळ्यात कच्चा असतो.