मोजणीच्या दिवशी गिरणी चालू होती

गिरगावातील एका तीन मजली, लाकडी तुळयांच्या इमारतीची मोजणी आमच्या कार्यालयाकडे आली, तेव्हा विकासकाने त्यासाठी निवडलेला आठवडा नेमका दिवाळीच्या तोंडावरचा होता. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी भुयारी मेट्रोचा कफ परेडपर्यंतचा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला, गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके सुरू झाली, आणि ज्या इमारतींचे कागद कित्येक वर्षे कपाटात पडून होते त्यांच्या मालकांना एकाएकी घाई सुटल्याचे आम्हा या क्षेत्रातील लोकांना जाणवू लागले. या इमारतीचे कामही त्याच घाईतले. दिवाळीनंतर या, असे तळमजल्यावरील दुकानदारांनी आधी निरोप देऊन सांगितले होते; पण भाडेकरूंची यादी लवकर दाखल करायची असल्यामुळे विकासकाने ते मानले नाही, आणि माझा सहकारी व मी फीत, लेझर मोजयंत्र आणि कोऱ्या नकाशांचे बाड घेऊन सकाळीच तेथे पोहोचलो.

मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर भरला जातो अशा, इमारतींच्या पुनर्विकासासाठी भाडेकरूंच्या जागा मोजणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. मुंबई शहरात अशा इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती आणि त्यांतील सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारती ‘अ’ वर्गात मोडतात. ही त्यांपैकीच एक. त्यांचा पुनर्विकास विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली होतो, आणि या नियमातील एक तरतूद वरच्या मजल्यांवरील लोकांना तोंडपाठ असते, तर तळमजल्यावरील लोकांना ती मोजणीच्या दिवशी प्रथम कळते. राहत्या खोलीच्या बदल्यात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचे, घर मिळते, मग जुनी खोली १२० चौरस फुटांची का असेना. दुकानाला मात्र किमान मर्यादा नाही. जुन्या गाळ्याचे क्षेत्र जेवढे भरेल तेवढेच नव्या इमारतीत, वर काही हवे असेल तर ते विकासकाशी बोलणी करून. त्यामुळे खोलीत फीत इंच दोन इंच मागेपुढे झाली तर सहसा कोणी हरकत घेत नाही, पण दुकानात प्रत्येक इंचासाठी माणसे भिंतीला नाक लावून उभी राहतात.

तळमजल्यावर पाच गाळे होते. पूजासाहित्याच्या दुकानाचा आणि लाँड्रीचा प्रश्न कागदांचा होता, जागेचा नव्हे. लाँड्रीची भाडेपावती अजून कै. सासऱ्यांच्या नावावर होती आणि ती चालवणाऱ्या वहिनींना मला सांगावे लागले की, धंद्याच्या जागेत मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तेथे व्यवसाय करणारा कुटुंबीय भाडेकरू ठरू शकतो, तेव्हा त्या काळातील गुमास्ता परवाना, बेस्टचे वीजबिल, काहीही जुने मिळेल ते शोधून ठेवा. लग्नपत्रिका छापणारा छापखाना आता केवळ नावाचा होता. यंत्र विकून मालकांनी आत झेरॉक्सचे यंत्र आणि शीतपेयांचे कपाट मांडले होते. चौथ्या गाळ्याला कुलूप होते आणि मालक डोंबिवलीहून दुपारी येणार होते. मोजणीला खरी आडवी आली ती पाचव्या गाळ्यातील पिठाची गिरणी.

दिवाळीआधीच्या त्या दिवसांत गिरणी थांबवा असे म्हणणे किती अवघड असते, हे तेथे उभे राहिल्यावरच कळते. गिरणीवाल्या काकांनी पहाटे चक्की उघडून, झाडून पुसून, आधी उपवासाची भाजणी काढली होती, कारण राजगिरा आणि वऱ्याच्या तांदळात गव्हाचा एक कणही चालत नाही. त्यानंतर चकलीची भाजणी सुरू झाली होती आणि अनारशाचे ओलसर तांदूळ दगडाला चिकटतात म्हणून ते सगळ्यांच्या शेवटी, दुपारनंतर घेणार असल्याचे ते प्रत्येक येणारीला सांगत होते. दुकानाबाहेरच्या ओट्यावर डब्यांची ओळ लागली होती: पत्र्याचे, स्टीलचे, एक जुना बिस्किटांचा, कोणाच्या झाकणावर खिळ्याने कोरलेले आडनाव, कोणाच्या कडीला बांधलेली चिठ्ठी, ‘जाडसर’, ‘बारीक’, ‘आमची शेवटी’. डबा ठेवून बायका भाजीला निघून जात होत्या. डबा हाच नंबर. माझ्या सहकाऱ्याने लेझर यंत्र रोखले, पण पिठाच्या धुरळ्यात त्याचे आकडे दर वेळी वेगळे येऊ लागले, म्हणून आम्ही साध्या फितीवर आलो. ती गुंडाळताना पांढरी झाली होती आणि पुढचे काही दिवस माझ्या पिशवीत भाजणीचा वास होता.

गाळ्याचे आतले माप ८ फूट गुणिले १३ फूट, म्हणजे १०४ चौरस फूट भरले. वर पोटमाळा होता, पण तो अधिकृत असल्याचा कागद नव्हता. काकांनी चक्की बंद केली नाही, पट्टा फिरत असतानाच ते बाहेर आले आणि म्हणाले, “मॅडम, ओटा लिहिलात का?” मी म्हटले, ओटा चटई क्षेत्रात येत नाही, शिवाय तो रस्तारुंदीच्या रेषेत आहे, नवी इमारत बांधताना तेवढी जागा महापालिकेला द्यावी लागेल. ते ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हात पुसून मला ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावले आणि डबे मोजायला सांगितले. एकतीस होते. “आत माझी चक्की आणि मी, दोघेच मावतो. धंदा सगळा इथे उभा आहे,” ते म्हणाले.

मला हे वाक्य पटले, आणि माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. दुकानाचे क्षेत्र मोजण्याची आमची पद्धत भिंतीपासून भिंतीपर्यंतची आहे आणि ती वाईट नाही. तिच्यामुळेच उद्या कोणी ८० चौरस फुटांचे दुकान ५० चे दाखवू शकत नाही. परंतु गिरगावातील तळमजल्याचा व्यापार मोठ्या प्रमाणात भिंतीच्या बाहेर चालतो. पूजासाहित्याच्या दुकानापुढील फळी, लाँड्रीच्या दारातील इस्त्रीचे टेबल, गिरणीचा ओटा, या सगळ्यांचे क्षेत्रफळ शून्य. नव्या इमारतीत तर रस्त्याकडील बाजूवर आणखी हक्कदार येतात: अग्निशमन बंबासाठी मोकळी जागा, वाहनतळाचा उतार, विजेचे उपकेंद्र, मीटरची खोली आणि वरच्या सदनिकांचे देखणे प्रवेशदालन. उरलेल्या दर्शनी लांबीत दुकाने बसवायची असतात. पुष्कळदा एखादे मागच्या बाजूला जाते, एखादे पहिल्या मजल्यावर, आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच घेतल्यामुळे पुढे राहिलेल्यांनाही चार पायऱ्या लागतात. दोन किलोचा डबा घेऊन त्या पायऱ्या चढणारी आजी आराखडा काढताना कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते. माझ्याही क्वचितच असते.

काकांचा दुसरा प्रश्न काळाचा होता. बांधकाम तीन वर्षांचे सांगितले होते, म्हणजे अनुभवाने पाच धरायचे. या काळात विकासक पर्यायी भाडे देतो, पण ते गाळ्याचे भाडे असते, गिऱ्हाइकाचे नव्हे. गिरगावातील दुकानदारांना याची कल्पना देण्याची गरज नव्हती. मेट्रोच्या कामासाठी जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावर वर्षानुवर्षे पत्रे उभे होते आणि पत्र्यांमागे गेलेल्या दुकानाकडे वळसा घालून येण्याऐवजी लोक पलीकडच्या गल्लीत जायला लागले. पत्रे निघाल्यावर सगळे परत आले असे झाले नाही. “माझ्याकडे अजून माणसे येतात ती सवयीने. सवय एकदा तुटली की ती पाकिटातला आटा घेणार,” असे काकांचे म्हणणे. त्यांचा मुलगा गिरणीतच काम करतो, दगडाला टाकीही स्वतः लावतो, आणि त्याने मोबाइलवर मला हिशेब दाखवला: जवळ पर्यायी गाळा घ्यायचा तर अनामत रक्कम, मोटरसाठी वाढीव वीजभाराची नवी जोडणी, महापालिकेची नवी परवानगी आणि चक्की उचलून पुन्हा समतल बसवण्याचा खर्च. या चारांपैकी एकाचाही उल्लेख विकासकाच्या प्रस्तावात नव्हता.

मोजणी संपवून निघताना जिन्याखाली बसणारे एक गृहस्थ समोर आले. छत्र्या, पिशव्यांच्या चेन आणि प्रेशर कुकरची झाकणे दुरुस्त करून देणारे. त्यांच्याकडे पावती नव्हती, वीजबिल नव्हते; १३ जून १९९६ ही भाडेकरूंच्या पात्रतेची निर्णायक तारीख आहे, त्याआधीपासून ते तेथे बसत असल्याचे सगळी इमारत सांगत होती, पण सांगणे हा पुरावा नाही. मी त्यांची जागा मोजली, नकाशावर काढली आणि बाजूला ‘प्रत्यक्ष वापरात’ असे लिहिले. सहकारी म्हणाला, यादीत हे जाणार नाही. त्याचे बरोबर होते.

संध्याकाळी चौकात रहिवाशांची बैठक झाली आणि तेथे चित्र पुन्हा बदलले. वरच्या मजल्यांवरील लोकांची बाजू कोणी हलकी समजू नये. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरील मार्गिकेला लोखंडी टेकू लागले आहेत, शौचालये सामाईक आहेत आणि एका कुटुंबाने पावसाळ्याचे चार महिने ताडपत्रीखाली काढले आहेत. त्यांना घर हवे आहे आणि ते लवकर हवे आहे; दुकानदार अडून बसले तर पुनर्विकासाला लागणारी ५१ टक्के भाडेकरूंची संमती त्यांच्याशिवायही पुरी होते, हे त्यांना ठाऊक होते. एका तरुणाने तर स्पष्टच विचारले की, नव्या इमारतीत खाली गिरणी कशाला, आवाज, धूळ आणि मुंग्या. त्यावर थोडी कुजबुज झाली. सकाळी ओट्यावर ज्यांचे डबे होते त्यांतल्या निम्म्या बायका समोरच बसलेल्या होत्या आणि त्यांपैकी एकीने, बहुधा त्या तरुणाच्या आईनेच, “मग भाजणी कुठे दळायची, तुझ्या मिक्सरवर?” असे विचारले. लोक हसले. पण गिरणी ठेवण्याचा ठराव काही झाला नाही. विषय सदनिकेच्या क्षेत्राकडे वळला आणि रात्री उशिरापर्यंत तेथेच राहिला.

त्यानंतर मी काकांना आमच्या कार्यालयात बोलावून तळमजल्याचा कच्चा आराखडा दाखवला. त्यात गिरणी मागच्या बाजूला, उपकेंद्राशेजारी होती, क्षेत्र मात्र बोलणीनंतर १३० चौरस फूट. त्यांनी पेन्सिल मागितली आणि १३० वर काट मारून ९० लिहिले. क्षेत्र कमी द्या, पण रस्त्यावर ८ फुटांचा दर्शनी भाग आणि एकच पायरी द्या, असा त्यांचा सौदा होता. माझ्या कामात क्षेत्र स्वतःहून सोडणारा भाडेकरू मी त्याआधी पाहिलेला नव्हता. विकासकाच्या माणसाला हे समजावून देताना मला वेळ लागला, कारण त्याला यात काहीतरी डाव असावा असे वाटत होते. रस्त्याकडील एक फूट विक्रीच्या दुकानासाठी किती मोलाचा आहे हे त्याला नीट ठाऊक होते आणि काकांनाही ते तेवढेच ठाऊक होते. फक्त एकाने ते विकायच्या हिशेबाने पाहिले होते आणि दुसऱ्याने डबे ठेवायच्या.

आम्ही आराखड्याचा दुसरा पर्याय काढला आहे. त्यात प्रवेशदालन अडीच फुटांनी अरुंद झाले आहे, चक्कीखाली कंपने शोषणारा वेगळा पाया दाखवला आहे, धुळीसाठी पंखा आणि जाळी आहे, आणि रहिवाशांच्या समाधानासाठी गिरणीची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ अशी लिहिली आहे, जी काकांनी मान्य केली, मात्र दिवाळीआधीचे पंधरा दिवस वगळून. जिन्याखालच्या गृहस्थांसाठी लाँड्रीच्या वहिनींनी आपल्या नव्या गाळ्याच्या दाराशी कोपरा देण्याचे तोंडी कबूल केले आहे; ते आराखड्यात येत नाही. काकांच्या संमतीपत्रावर दर्शनी भागाची आणि पायरीची अट त्यांच्या मुलाने हाताने लिहून जोडली आहे आणि विकासकाच्या वकिलांनी त्या ओळीसमोर अद्याप सही केलेली नाही.