तिसऱ्या सप्तकातली ए

हार्पची तार तुटते तेव्हा तो आवाज तारेचा वाटतच नाही, वाळलेलं लाकूड मोडावं तसा येतो, आणि रिकाम्या हॉलमध्ये रात्री सव्वानऊला तो आला तेव्हा मी दचकून स्टुलावरून उठलेच. हार्पच्या कॅम्पचा तिसरा दिवस होता. मी तारेला हातही लावलेला नव्हता, बाजूला बसून पेन्सिलीने नोटेशनवर बोटांचे नंबर लिहीत होते. बघितलं तर तिसऱ्या सप्तकातली ए, म्हणजे ए या पाश्चात्त्य सुराची तार, गेली होती, वरचा तुकडा खुंटीला लोंबत होता आणि खालचा साउंडबोर्डवर, तारा जिथे खाली अडकवतात त्या लाकडी फळीवर, आडवा पडला होता. हार्पची सप्तकं वरून खाली मोजतात, त्यामुळे तिसरं सप्तक म्हणजे बरोबर मधला भाग, हात सगळ्यात जास्त जिथे असतो तिथे. ती एक तार नसली तर काहीही वाजवता येत नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया खरी खरी सांगते. मी आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून.

कारण तीन वर्षं हार्प शिकतेय आणि तोपर्यंत एकही तार मी स्वतः बदलली नव्हती. प्रत्येक वेळी माझ्या टीचरनी बदलून दिली, मी शेजारी उभी राहून बघितल्यासारखं केलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तार तुटेल या भीतीने मी घरी हार्प कायम थोड्या खालच्या सुरात लावून ठेवायचे. एकटीच वाजवते, कोणाबरोबर सूर जुळवायचाय, आपल्या आपल्यात सगळ्या तारा जुळल्या की झालं, असं मनाला समजावलेलं होतं. हार्प शिकणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होत असणार, कारण हे वाद्य एकट्याचं आहे. व्हायोलिनवाल्यांना शेजारी दहा व्हायोलिनवाले भेटतात, ऑर्केस्ट्रात हार्प मात्र एक, फार तर दोन. आपण चुकीचं काय करतोय हे सांगायला आठवड्यातून एकदा टीचर, बाकी सहा दिवस आपण आणि भिंत.

म्हणून तर उन्हाळ्याच्या या कॅम्पला गेले. दहा दिवस, चौदा विद्यार्थी, डोंगरातली जागा, खाली तळं, भोवती उंच झाडं. भावाची व्हॅन घेतली, मागच्या सीट काढून गाद्या टाकल्या आणि हार्प आडवी ठेवून सहा तासांचा प्रवास केला. तळ्याचा रस्ता सुंदर होता म्हणे, भाऊ सांगत होता, मी पूर्ण वेळ मागे वळून कव्हरकडे बघत होते. अडतीस किलोचं, माणसापेक्षा उंच वाद्य प्रत्येक खड्ड्याला हलतं तेव्हा झाडं बघायची इच्छा होत नाही.

पोचलो तर हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. यावर मी अजून चिडलेली आहे. हार्पच्या कॅम्पला हार्प वर चढवावी लागेल हे आधी कळवायला काय हरकत होती? चौघांनी मिळून एकेक पायरी करत चढवली, एक जण वरून कॉलम धरून, दोघं खालून बेस धरून, मी नुसतीच हळू, हळू म्हणत. दुसरी तक्रार एसीची. रात्री दहाला हॉलचा एसी बंद व्हायचा आणि सकाळी परत चालू. लाकूड आणि प्राण्यांच्या आतड्याच्या तारा, दोन्ही हवेतला दमटपणा पितात. रात्री फुगायचं, सकाळी आवळायचं, रोज चौदा हार्प बिघडायच्या आणि रोज आम्ही परत लावायच्या. दोनदा सांगितलं, दोनदा 'बघतो' असं उत्तर मिळालं.

पण त्यामुळेच सकाळचा तो एक तास मिळाला हेही खरं. साडेसात ते साडेआठ फक्त हार्प लावायची. बोलायचं नाही, धून वाजवायची नाही. तारांचा सूर बदलणारे पायातले सगळे पेडल वर, म्हणजे फ्लॅटमध्ये, सगळ्यात खालच्या सुरात, मांडीवर सूर मोजणारा ट्यूनर, हातात खुंट्या फिरवायची चावी. सत्तेचाळीस तारा, एकेक. तंबोऱ्याच्या चार तारा जुळवायला माणूस किती वेळ घेतो ते ज्यांनी बघितलंय त्यांनी सत्तेचाळीसचा हिशोब करावा. आणि चौदा जण एकाच हॉलमध्ये हे करत असतात, त्यामुळे शेजारचीचा डी तुमच्या ईवर येऊन बसतो आणि कान लाकडाला टेकवून ऐकावं लागतं. पहिल्या सकाळी डोकं भणभणलं. चौथ्या पाचव्या सकाळी मला ते आवडायला लागलं, तो चिमण्यांचा थवा झाडावर बसतो तसा आवाज, सगळीकडून छोटे छोटे सूर, आणि मग हळूहळू ते एकमेकांना भेटायला लागतात.

त्या पहिल्या सकाळीच माझं पितळ उघडं पडलं होतं. कॅम्पमध्ये शिकवणाऱ्या मॅडम फिरत फिरत माझ्याकडे आल्या, एक तार छेडली, ट्यूनरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वीस सेंट खाली आहेस." सेमीटोन म्हणजे लागोपाठच्या दोन सुरांमधलं सगळ्यात लहान अंतर, त्याचे शंभर सेंट, म्हणजे मी पाचवा हिस्सा खाली. "सगळी हार्प अशीच आहे का?" मी हो म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "वर घे, पण दोन तीन दिवसांत, थोडी थोडी." आणि मी काय केलं, तर दुपारच्या एन्सेम्बलमध्ये, सगळ्यांच्या एकत्र वादनात, आपण वेगळे ऐकू येऊ या लाजेने एका सकाळीच सगळी वर खेचली. खालच्या तारा वर नेईपर्यंत आधी लावलेल्या उतरलेल्या, कारण ताण वाढला की साउंडबोर्ड थोडा वाकतो, मग परत पहिल्यापासून. मोठ्या हार्पवर सगळ्या तारांचा मिळून जवळजवळ नऊशे किलोचा ताण असतो. वीस सेंट वर म्हणजे त्यात वीसेक किलोची भर, आणि त्यातल्या काही तारा तीन वर्षं जुन्या, सैल राहायची सवय झालेल्या. एखादी तुटणारच होती.

तर सव्वानऊ वाजलेत, तार तुटलीय, आणि दारात माझी रूममेट उभी. सतरा वर्षांची. माझ्या निम्म्या वयाची आणि आठव्या वर्षापासून वाजवणारी. तिने आवाज ऐकला होता. मी म्हटलं, सकाळी मॅडमना सांगते. ती म्हणाली, "का? आत्ता बदलू ना." मग मी तिला सांगितलं, की मला येत नाही. हे वाक्य मी तीन वर्षांत कोणालाही म्हटलं नव्हतं. तिने फक्त मान डोलावली आणि कुठली तार ते विचारलं.

तार मिळवणं हा वेगळा ताप. कॅम्पच्या पत्रात लिहिलेलं की स्पेअर तारा तिथे मिळतील, म्हणून मी आणल्या नव्हत्या. कपाट उघडलं तर वरच्या नायलॉनच्या भरपूर, खालच्या धातूच्या दोन, आणि मधल्या आतड्याच्या तारांमध्ये ए सोडून बाकी दोनचार. ए तिने स्वतःच्या पाकिटातली दिली. पैसे घेतले नाहीत, म्हणाली मला पण कोणीतरी दिली होती.

आतड्याची नवीन तार हातात घेतली की ती तार वाटत नाही. कडक, पिवळसर, गोल गुंडाळीची सवय झालेली, सोडली की परत वेटोळं घालते. साउंडबोर्डच्या भोकातून ती वरून आत सोडायची, हार्पच्या पाठीला जी लांबट भोकं असतात त्यातून हात घालून टोक बाहेर ओढायचं आणि तिथे गाठ मारायची. नुसती गाठ मारली तर ताणाखाली भोकातून सटकेल, म्हणून जुन्या जाड तारेचा पेराएवढा तुकडा गाठीत आडवा अडकवतात. ती तिच्या डबीत असे तुकडे ठेवते, तुटलेल्या तारांचे, एकसारखे कापलेले. तिने एकदा गाठ मारून दाखवली, सोडली आणि तार माझ्या हातात दिली. पहिली माझी गाठ चावी दोनदा फिरवताच सुटली आणि सगळी तार परत बाहेर. दुसरी वळसा चुकल्यामुळे. "घाई करतेयस," एवढंच म्हणाली. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून, बोटांनीच फासा चाचपत मारली. तुकडा आत सरकवला, ओढलं, आणि आतून टक् असा आवाज आला, गाठ लाकडाला जाऊन बसल्याचा. तो आवाज मी विसरणार नाही.

मग वरचं काम. पेडलने फिरणाऱ्या दोन्ही चकत्यांच्या खुंट्यांमधून, वरच्या पिनेवरून, ट्यूनिंग पिनेच्या भोकातून, थोडी ढील ठेवून, आणि चावी. पाव वळसा, थांब. पाव वळसा, थांब. वर न्यायची म्हणून मला घाम फुटलेला, कारण मनात परत तोच लाकूड मोडल्याचा आवाज. ती शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, नवीन तार तुटत नाही सहसा, नवीन तार उतरते, आठवडाभर उतरत राहील, तू फक्त परत वर घेत राहा. साडेअकरा वाजले झोपायला.

पुढचे पाच दिवस कसे गेले मला सांगता येणार नाही, एकसारखेच गेले. लावा, वाजवा, बोटांना फोड, जेवा, एन्सेम्बल, लावा. चार बोटंच लागतात प्रत्येक हाताची, करंगळी नाही, पण ती चार सोलून निघाली. संध्याकाळी मॅडम गप्पा मारायच्या आणि ते तास मात्र लक्षात आहेत. एका संध्याकाळी मी पेडलवर वैतागले होते, सात पेडल, तीन डाव्या पायाला, चार उजव्या, आणि माझा बीचा पेडल खाचेत न बसता परत परत सुटायचा. तेव्हा त्यांनी सांगितलं की आधी पेडलने तार एकच सेमीटोन वर जायची, त्यामुळे निम्म्या स्केल वाजवताच यायच्या नाहीत, मग १८१० मध्ये वाद्यं बनवणाऱ्या सेबास्तियन एरारनी लंडनमध्ये दोन सेमीटोनवाल्या पेडलचं पेटंट घेतलं, आणि तू ज्याला शिव्या देतेयस ते तेच. आणि पेडल नकोच म्हणणारेही झाले, पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने एकमेकींना छेदणाऱ्या तारांच्या दोन रांगांची, बिनपेडलची हार्प काढली आणि तिच्यासाठी १९०४ मध्ये संगीतकार देब्युसीकडून रचना करून घेतली, तर पुढच्याच वर्षी एरारवाल्यांनी पेडल हार्पसाठी राव्हेलकडून. आज देब्युसीचीसुद्धा ती रचना बहुतेक सगळे पेडल हार्पवरच वाजवतात. हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी बीच्या पेडलवर एक तास घालवला, टाच जमिनीला टेकवून, नुसता वर, मध्ये, खाली.

हार्पवादक कार्लोस साल्झेडोबद्दल पण त्यांच्याचकडून कळलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या कॅमडेनला त्यांनी १९३१ मध्ये उन्हाळी हार्प कॉलनी सुरू केली, विद्यार्थी उन्हाळाभर तिथे राहून शिकायचे. म्हणजे असं एकत्र येऊन शिकायची गरज लोकांना तेव्हाही वाटत होती. मला हे ऐकून फार बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.

माझी ए उतरतच होती. सकाळी सेमीटोनभर खाली, दुपारी अर्धी, संध्याकाळी थोडी. मी चावी खिशात घेऊन फिरायचे.

नवव्या संध्याकाळी कार्यक्रम झाला. चौदा हार्प अर्धगोलात, नऊ मोठ्या, पाच पेडलऐवजी हाताने फिरवायच्या लिव्हरवाल्या छोट्या, माझी उजवीकडून तिसरी आणि शेजारी रूममेट. हॉल भरला, दारं बंद, माणसांच्या श्वासानेच हवा दमट. दुसऱ्या रचनेच्या मध्यात मला ऐकू आलं की ए पडलीय. अगदी स्पष्ट. आणि तिनेही ऐकलं, मान न वळवता नुसती माझ्या चावीकडे बघितलं. पुढे मला आठ बारची विश्रांती होती. आठ बार म्हणजे त्या लयीत वीसेक सेकंद. चावी काढली, पिनेवर बसवली, बाकी तेरा हार्प वाजतायत, त्यात तार इतकी हळू छेडली की ती मला कानापेक्षा खांद्याला टेकलेल्या लाकडातून कळली. थोडी वर. अजून थोडी. पाचवा बार, सहावा. चावी मांडीवर ठेवली, हात तारांवर आणले आणि बरोबर जागेवर शिरले. माझा पहिलाच सूर ए होता.

नंतर मॅडमनी काय कौतुक केलं, टाळ्या किती वाजल्या, काही आठवत नाही. ते वीस सेकंद आठवतात.

दुसऱ्या दिवशी परत तोच जिना, परत चौघं. सगळे पेडल वर केले, कव्हर घातलं, गादीवर आडवी ठेवली. निघताना रूममेटने तिच्या डबीतून जाड तारेचे चार तुकडे काढून माझ्या चावीच्या पिशवीत टाकले. परतीच्या वाटेवर तळं दिसलं, खरंच सुंदर आहे.

घरी येऊन तीन आठवडे झाले. ए आता उतरत नाही, आणि हार्प खाली लावायचं मी बंद केलंय. दुसऱ्या सप्तकातल्या डीचे धागे सुटायला लागलेत, तुटायच्या आधीच बदलावी लागेल. तार मागवलीय, रविवारी बसणार आहे, एकटीच.