मुंबईत राहून आशियाई सिनेमा थिएटरात कसा पाहू लागले

डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये मोबाइलवर कोरियन मालिका पाहणारी मुलगी रोज दिसते. पण इराणचा, तैवानचा किंवा श्रीलंकेचा चित्रपट मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या सोबतीनं पाहायचा म्हटलं, तर सिनेमाचं शहर म्हणवणाऱ्या मुंबईतही वाट शोधावी लागते. मला ती हळूहळू सापडली. विचारणारे बरेच भेटतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी मी सगळ्यांसारखी तिकिटाच्या अ‍ॅपवर शोधायचे. तिथे हिंदी, इंग्रजी, मराठी आणि दाक्षिणात्य चित्रपटांची रांग असते. आशियातलं बाकी काही आलंच तर ते मोठ्या पारितोषिकाचा शिक्का घेऊन येतं. कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ २०१९ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवून, जानेवारी २०२० च्या अखेरीस आपल्याकडे लागला. पुढच्याच महिन्यात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. मी तो ऑफिसनंतर एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. पायऱ्यांवरून पाणी उतरावं तशी उतरत जाणारी त्याची गोष्ट ऐन रंगात आली असताना मध्यंतराचे दिवे लागले आणि पॉपकॉर्नच्या जाहिराती सुरू झाल्या. दिग्दर्शकानं तिथे श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती. हा चित्रपट सलग पाहायला हवा होता, ही रुखरुख घेऊनच घरी आले.

दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यातल्या एका ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, मग थर्ड आयला ये ना. तिथे मध्यंतर नसतं.”

थर्ड आय म्हणजे एशियन फिल्म फाउंडेशनचा आशियाई चित्रपट महोत्सव. २००२ मध्ये सुरू झाला, आणि त्यामागे सुधीर नांदगावकर यांचं मोठं काम होतं. चित्रपट पत्रकार, प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या पायाभरणीतले, मुंबईच्या मामी चित्रपट महोत्सवाचे पहिल्या काळातले संचालक. १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. भारतात पारितोषिकांच्या निमित्तानं युरोपचा सिनेमा कसाबसा पोचतो, पण शेजारच्या श्रीलंकेतले दिग्दर्शक लेस्टर जेम्स पेरिस कोण हे आपल्याला ठाऊक नसतं, ही खंत या महोत्सवाच्या मुळाशी असावी असं मला नेहमी वाटतं. नकाशा उघडला तर कोलंबो मुंबईहून दिल्लीपेक्षा फार काही लांब नाही. तरी तिथला सिनेमा आपल्याकडे बर्लिनला किंवा कानला वळसा घालून येतो.

महोत्सवाला खिडकीवर एकेका शोचं तिकीट मिळत नाही, नोंदणी करावी लागते. नवख्याला हे जाचक वाटतं, पण त्याला कारण आहे. आपल्याकडे जाहीर प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. आठवडाभर पाहुणे म्हणून आलेल्या परदेशी चित्रपटांसाठी ते काढत बसणं शक्य नसतं. म्हणून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सवलत घेतात, आणि त्या सवलतीची अट अशी, की प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी हवेत. गळ्यातलं ते कार्ड त्या अटीपायी आलेलं असतं. आणि त्याच सवलतीमुळे कात्री न लागलेला चित्रपट आपल्यापुढे येतो. मला तर हा व्यवहार फार आवडतो. आपण ग्राहक राहत नाही, नावानिशी सामील होतो.

फॉर्म साधाच असतो. नाव, फोटो, ओळखपत्र, फी. ऑनलाइन भरला तरी कार्ड घ्यायला काउंटरवर जावं लागतं, आणि ते उद्घाटनाच्या आधी जाऊन घ्यावं. पहिल्या दिवशी तिथे अशी गर्दी असते, की पहिला चित्रपट हातचा जातो.

खरं काम वेळापत्रक हातात आल्यावर सुरू होतं. अलीकडच्या वर्षांत हा महोत्सव जानेवारीत मूव्हीमॅक्सच्या पडद्यांवर होतो. सायनला असतो, अंधेरीलाही झाला, ठाण्यालाही आला. दोन ठिकाणी एकाच वेळी दोन हवेसे चित्रपट असतात आणि मध्ये असते मुंबई. सायनहून अंधेरीला जायचं तर दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची, नाहीतर घाटकोपरला जाऊन मेट्रो. कागदावर तासाभराचं अंतर ठेवलेलं पुरतं असं दिसतं, पण चित्रपट संपल्यावर दिग्दर्शकाशी गप्पा असल्या तर उठवत नाही. म्हणून मी एक नियम केला आणि तो मला फार उपयोगी पडला. एका दिवशी एकच थिएटर. तिथे दिवसभर जे लागेल ते पाहायचं. कझाकस्तानचा चित्रपट मी एरवी कधी निवडला असता? माळरानावरचं घर, बाहेर घोडे, आत चहा ओतणारी आजी आणि शहराकडे निघालेला नातू, हे पाहताना मला सोलापूरकडचं माझं आजोळ आठवत राहिलं.

निवडायचंच झालं तर आधी देश पाहावा. बक्षिसं पाहू नयेत. बक्षीस मिळवलेला चित्रपट उद्या मोबाइलवर येण्याची शक्यता बरीच असते. भूतान, नेपाळ, किर्गिझस्तान, बांगलादेश इथले चित्रपट पुन्हा गाठ पडतील याची खात्री नसते.

रांगेची वेगळीच मजा. पास असला म्हणजे खुर्ची मिळालीच असं नाही, आधी येईल तो आधी बसेल. रांगेत माझ्यापुढे एक काका होते, निवृत्त शिक्षक, डब्यात थालीपीठ घेऊन आलेले. मी विचारलं, “काका, सकाळपासून बसलाय, थकत नाही का?” म्हणाले, “अहो, थकायला वर्षभर आहे की.” मग त्यांनी प्लाझात, सिटीलाइटला, रवींद्र नाट्य मंदिराच्या मिनी थिएटरमध्ये पाहिलेल्या, जपानच्या कुरोसावा आणि इराणच्या किआरोस्तामींच्या चित्रपटांच्या गोष्टी सांगितल्या. दार उघडेपर्यंत माझी यादी दुप्पट झाली होती.

दुसऱ्या वर्षी मी आईला नेलं, आणि इथे जरा थांबून लिहायला हवं. आईचं इंग्रजी वाचन सावकाश आहे. पडद्याखालची ओळ ती अर्धी वाचते तोवर पुढची येते. “मला काय कळणार त्यातलं?” हे तिचं पहिलं वाक्य. इराणचा चित्रपट होता. अंथरुणाला खिळलेले सासरे, त्यांचं करणारी सून आणि सगळं दिसूनही गप्प बसणारा मुलगा. आत जाण्याआधी चहा घेताना मी तिला माणसांची नाती तेवढी सांगितली, शेवट सांगितला नाही. चित्रपट सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं ती ओळींमागे धावत होती. मग तिनं वाचणं सोडून दिलं आणि चेहरे पाहू लागली. सून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते आणि नुसती उभी राहते, तेव्हा आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, “रडतेय ती.” पडद्यावर सुनेची फक्त पाठ दिसत होती आणि खाली एकही ओळ नव्हती. आईनं माझ्या आजोबांचं सात वर्षं केलंय. तिला तिथे कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

तरीही माझं ठाम म्हणणं आहे, की महाराष्ट्रात होणाऱ्या महोत्सवांत निदान मोजक्या चित्रपटांना मराठी सबटायटल्स असावीत. इंग्रजी भराभर वाचता येणं ही आशियाई सिनेमा पाहण्याची पात्रता कशी असेल? आईच्या वयाच्या, तिच्यासारखं आयुष्य जगलेल्या बायका या चित्रपटांच्या सर्वांत चांगल्या प्रेक्षक आहेत, आणि त्याच थिएटरबाहेर राहतात.

जानेवारी सरला म्हणून वर्ष कोरडं जात नाही. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे. त्याचं सभासदत्व घेतलं की वर्षभर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांचे निरोप येतात. नरिमन पॉइंटच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये ‘चित्रपट चावडी’ भरते, तिथेही मी आशियाई चित्रपट पाहिले आहेत. जपान फाउंडेशन भारतातल्या शहरांत जपानी चित्रपटांचा महोत्सव भरवतं. मामीनं अलीकडे दक्षिण आशियाई चित्रपटांवर भर दिला, पण तिथे सीट ऑनलाइन राखावी लागते आणि चांगल्या चित्रपटांच्या जागा बघता बघता संपतात. २०२३ च्या जानेवारीत शांघाय सहकार्य संघटनेच्या देशांचा महोत्सव मुंबईत झाला, तेव्हा मध्य आशियाचा सिनेमा पेडर रोडवर पाहायला मिळाला. असं एखादं वेळीच होतं, म्हणून कान उघडे ठेवावे लागतात.

आणि तरुण मुलांकडे पाहून मला मनापासून आनंद होतो. मकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट २०१९ मध्ये आपल्याकडच्या थिएटरांत आला, तो चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवल्यावर. हजारो मुलांनी मागितला म्हणून आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या ‘इन्फिनिटी कॅसल’ या चित्रपटासाठी पहाटे पाचच्या सुमाराचे शो लागले आणि भरले. माझा भाचा पहिल्या लोकलनं गेला होता. घरी आल्यावर म्हणाला, “मावशी, आख्खं थिएटर ओरडत होतं.” सलग मागणी केली तर पडदा मिळतो, हे या मुलांनी वितरकांना दाखवून दिलंय. आमच्या पिढीनं एखाद्या तैवानी किंवा बांगलादेशी चित्रपटासाठी असं कधी केलं नाही. आता करायला हवं. चित्रपट लागला तर पहिल्या तीन दिवसांतच जायचं, एवढं मी पाळते. सोमवारनंतर त्याचा एकुलता एक शो सकाळी साडेनऊला जातो आणि गुरुवारी पोस्टर उतरतं.

यंदा ठाण्याच्या पडद्यावर माझी जास्त भिस्त आहे, कारण डोंबिवलीहून ते सोपं आहे आणि आईला जिने कमी चढावे लागतात. तिच्या भिशीतल्या दोघी यायचं म्हणतायत. त्यांची ओळखपत्रं आणि फोटो मागून घेतलेत. नोंदणी सुरू झाली की तिघींचे फॉर्म एकदमच भरीन.