लाकडी सांगाड्याची शेड: आधी लाकूड, मग नकाशा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट देतोय पण दाखवण्यासारखं अजून काहीच उभं नाहीये, जे आहे ते वहीत आणि एक्सेल शीटमध्ये. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो: इंदूरहून महूकडे जाताना आमचं थोडं शेत आहे, तिथे मला 10 बाय 12 फुटांची एक शेड बांधायचीय, सुतारकामासाठीच, आणि ती पूर्ण लाकडी सांगाड्याची, म्हणजे खांब, तुळया, तिरके आधार सगळं कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकायची, प्लेटा आणि बोल्ट शक्यतो नाहीतच. आजवर मी पाट, स्टूल, एक बुकशेल्फ आणि आईचा देव्हारा एवढंच केलंय, त्यामुळे घरचे "आधी कोंबड्यांचं खुराडं बांधून दाखव" म्हणतायत, आणि अगदीच चुकीचं बोलतायत असंही नाही.

या विषयावर यूट्यूबवर जे सापडतं ते बहुतेक अमेरिका-इंग्लंडकडचं. तिकडे ओक किंवा पाइन ओलं असतानाच कापतात, ओलं लाकूड पटाशीला सोपं जातं, मग सांगाडा उभा राहिल्यावर ते सावकाश वाळतं आणि किती आटेल याचा हिशोब सांध्यातच धरलेला असतो. तो हिशोब उचलून माळव्यात आणला तर पंचाईत होईल असं माझं मत. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, जे आटतं ते आडवं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आटतं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं, म्हणूनच गाभा आत असलेला चौकोनी ओंडका वाळताना हमखास तडकतो. आता आपली हवा बघा, पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांवर राहिली तर लाकडात साधारण 16 टक्के पाणी टिकतं आणि उन्हाळ्यात आर्द्रता 25 वर आली की तेच लाकूड 5-6 टक्क्यांवर येऊन थांबतं. ओली तुळई घेऊन थेट एप्रिल-मेच्या तोंडी दिली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी उलट्या दिशेने निघालो, नकाशा बाजूला ठेवला आणि आधी बाजारात कुठलं लाकूड, किती लांबीचं, किती वाळलेलं मिळतं ते बघत फिरलो. साल (सालवृक्षाचं लाकूड) स्वस्त आणि ताकदीला जबरदस्त, आयएस 883 या इमारती लाकडाच्या भारतीय मानकामध्ये तो ए गटात आहे आणि साग बी गटात, पण सालाचं एक घनफूट जवळपास 25 किलो भरतं, वाळताना तो तडकतो आणि माझ्यासारख्याच्या पटाशीला अजिबात दाद देत नाही. न्यूझीलंडचा पाइन कांडल्याहून येतो, हलका, सरळ, कापायला मजा, पण वाळवी त्याच्यावर तुटून पडते, आणि शेतात वाळवी नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. राहिला साग. नव्या सागाचा भाव ऐकून मी दुकानदाराला "बरं, येतो परत" म्हणून निघालो, शिवाय नवा साग घ्यायचा तर बिल आणि टीपी (लाकूड वाहतुकीचा परवाना) दोन्ही नीट मागून घ्या, गाडी रस्त्यात अडवली की तेव्हा वाद घालून उपयोग नसतो.

मग जुना साग. रामबाग, मल्हारगंज भागातली जुनी घरं पडतायत, त्यांच्या तुळया आणि कडीपाटाच्या कड्या जुन्या मालवाल्यांकडे येऊन पडलेल्या असतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, पण नाहीतर तेच लाकूड चिरून दारांच्या फ्रेममध्ये जातं, त्यापेक्षा परत तुळई म्हणूनच उभं राहिलेलं बरं. कित्येक वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड आता काय आटणार, जे वाकायचं होतं ते वाकून झालंय. त्रास वेगळे आहेत: खिळे, जुन्या खाचा, मध्येच कुजलेली टोकं. भिंतीत घातलेलं टोक आधी बघा, कूज तिथूनच चालू होते. मी एक जाड चुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवतो, खिळा असला की दोरी तिरकी होते, आणि जिथे खिळा आत तुटलेला असतो तिथे सागाच्या पिवळट तपकिरी रंगात काळा डाग पसरलेला दिसतो, रुपयाएवढा. तो डाग दिसला की पटाशी लांब ठेवायची. सागात तशीही वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर जाते, त्यात खिळा लागला तर संध्याकाळ दगडावर घासण्यात गेली म्हणून समजा.

जुन्या तुळईचा दुसरा प्रॉब्लेम म्हणजे ती कुठेच सारख्या मापाची नसते. मी घेतलेली "सहा इंची" तुळई एका टोकाला पावणेसहा आहे आणि दुसऱ्या टोकाला सव्वासहा, वर थोडा पीळ. इथे मला स्क्वेअर रूल पद्धत फार आवडली, 1800 नंतरच्या काळात अमेरिकेत रुळली ती. कल्पना अशी की या वेड्यावाकड्या लाकडाच्या पोटात साडेपाच बाय साडेपाचची एक अचूक तुळई दडलेली आहे असं धरायचं, त्यातल्या त्यात चांगल्या दोन लगतच्या बाजू पक्क्या धरून सगळी मापं तिथूनच घ्यायची, आणि सांधा येतो तेवढ्याच जागी लाकूड तासून त्या आतल्या मापावर आणायचं. बाकी तुळई आहे तशी राहू दे. फायदा हा की प्रत्येक खांब प्रत्येक तुळईला लावून आखत बसावं लागत नाही, सुटे भाग घरच्या गच्चीवर कापून शेतावर नेता येतात. एका ओळखीच्या मिस्त्रींना दाखवलं तर ते गुण्या फिरवत म्हणाले, "भैया, इतना दिमाग लगाओगे तो बनाओगे कब?" मुद्दा बरोबर होता.

आता लाकडाचा हिशोब. खांब 4, सहा बाय सहा, आठ फुटी. आडव्या तुळया 2, सहा बाय आठ, दहा फुटी. लांब बाजूच्या तुळया 2, सहा बाय सहा, चौदा फुटी, म्हणजे दोन्हीकडे एकेक फूट बाहेर. वासे 10, तीन बाय पाच, आठ फुटी. तिरके आधार 8, चार बाय चार, दोन्ही बाजूंना 30 इंच धरले तर तिरकी लांबी जवळपास 42.4 इंच येते आणि कुसवांसाठी वर थोडं सोडायचं. मी इथेच थांबणार होतो पण आमच्याकडचा एक सिव्हिलवाला मित्र कागद बघून म्हणाला, अरे हे वासे भिंती बाहेर ढकलतील की. कारण आडव्या तुळया फक्त दोन टोकांना आहेत, मधल्या वाशांचा रेटा घेणारं कोणीच नाही, लांब तुळया मध्ये बाहेर फुगणार. उपाय दोन: मध्ये तिसरी चौकट, नाहीतर खऱ्या अर्थाने भार घेणारं आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरची तुळई. मधला खांब कामाच्या जागेत नको म्हणून मी आढं घेतलं, सहा बाय आठ, चौदा फुटी, दोन आडव्या तुळयांवर छोटे खांब उभे करून त्यावर टेकलेलं, म्हणजे वासे वर टांगलेले राहतात आणि रेटा जवळजवळ संपतो. एकूण साधारण 40 घनफूट, 15 टक्के वाया जाईल धरून 46. सागाचं एक घनफूट अंदाजे 18 किलो, तेव्हा हे आढं एकटंच 85 किलोच्या आसपास, ते वर कसं चढवायचं याचा विचार चालू आहे, चेन ब्लॉक भाड्याने आणि चुलतभाऊ फुकट. जुन्या मालात चौदा फुटी सरळ तुकडा मिळत नाहीये, त्यामुळे ते तीन लांब नग नवीन सागाचे घ्यावे लागणार, तेवढा खर्च मान्य.

छपराला पत्रा की कौलं यावर घरी दोन गट पडलेत. मी कौलांकडे. मंगलोरी कौल सरासरी अडीच किलोचं, चौरस मीटरला 15 लागतात, माझं छप्पर 21 चौरस मीटरच्या आत, म्हणजे आठशे किलोच्या घरात वजन. पत्रा याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मे-जूनच्या आंधीत हलकं छप्पर उचललं जातं आणि लाकडी खुंट्यांच्या सांध्याला वर खेचणारा जोर आवडत नाही, दाबणारा चालतो. बाबा म्हणतात माकडं कौलं फोडतील. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पाया हा माझ्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा विषय. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यावर नुसता ओटा ओतला तर सांधे कितीही घट्ट असोत, खांब आपापल्या दिशेने जातील. आमच्याकडे साधारण चार फुटांवर मुरूम लागला हे नशीब, तेव्हा खांबागणिक खड्डा मुरमापर्यंत नेऊन दगड-काँक्रीट, आणि वर काळ्या दगडाचा तळखडा जमिनीपासून फूटभर उंच. खांब त्या तळखड्यावर, मध्ये स्टीलची एक कांडी, लोखंड नको म्हणणाऱ्या मी एवढी तडजोड केलीय. महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्यातले लाकडी खांब बघताना मी पर्यटकांसारखा वर न बघता खालीच वाकून बघत होतो, तर बायको म्हणाली काही पडलं का. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, तिथेही तेच, ओल लागेल तिथे लाकूड नाही. आणि 1984 च्या आगीत त्याचं काय झालं ते इंदूरकरांना सांगायला नको, म्हणून शेडमध्ये वायरिंग सगळं पाइपातून आणि भुसा रोज बाहेर, हे आत्ताच लिहून ठेवलंय.

सध्या सरावाचा एक सांधा पूर्ण झालाय, खांब आणि तिरका आधार. कुसू दीड इंच जाड, आधी गिरमिटाने भोकं पाडून मग पटाशीने चौकोन केला. खुंटीचं भोक कुसवात खांद्याच्या (कुसवाच्या मुळाशी असलेल्या पायरीच्या) बाजूला दीड मिलिमीटर सरकवून पाडलं, म्हणजे खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढून घेते. ओल्या लाकडाला तिकडे याच्या दुप्पट सरकवतात पण कोरड्या सागात तेवढं केलं तर खुंटी तरी मोडेल किंवा कुसू तरी चिरेल. खुंटी पाऊण इंची, बाभळीची, रेषा सरळ असलेला तुकडा शोधून, टोकाला निमुळती. मोगरीचे शेवटचे घाव घालताना आवाज बदलतो, बद्दचा टणक होतो, आणि खांद्याची फट डोळ्यासमोर मिटते. तो व्हिडिओ मी घरात सगळ्यांना दाखवलाय, आता कोणी बघत नाही.

पुढे आता पावसाळा संपेपर्यंत कापाकापी गच्चीवरच्या पत्र्याखाली, पायाचे खड्डे दिवाळीनंतर, माती बसल्यावर. कोणाकडे दोन इंची जाड पटाशी पडून असेल, गंजकी चालेल पण पोलाद जुनं हवं, तर कळवा. आणि धामणीचं लाकूड इंदूरच्या आसपास कुठे मिळतं ते माहीत असेल तर तेही, खुंट्यांना बाभळीपेक्षा ते जास्त लवचिक पडेल असं वाटतंय.