आमची वाटचाल: नाकारले जाणारे प्रोग्रॅम लिहिण्याचा धंदा

आमचा व्यवसाय कुणाला समजावून सांगायचा म्हणजे कठीण काम. "प्रोग्रॅम लिहिता ना?" हो. "मग चालतात ना ते?" इथे गाडी अडते, कारण आमचे निम्मेअधिक प्रोग्रॅम चालू नयेत म्हणूनच लिहिलेले असतात. चुकीचा कोड कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, पकडतो का, हे आम्हाला बघायचं असतं. त्याने ते परत पाठवले की आमचं काम फत्ते.

सुरुवातीला आम्ही दोघे भागीदार मिळेल ते टेस्टिंग घ्यायचो. एका ग्राहकाच्या पायथॉनमधल्या बिलिंगमध्ये अधूनमधून नगसंख्या चुकायची, दहाच्या जागी एकच नग लागायचा. बऱ्याच जागरणांनंतर सापडलं की संख्येच्या जागी कधीकधी 'ट्रू' (म्हणजे 'खरं') येत होतं. जे आलं ते पूर्णांक आहे का, ही तपासणी कोडमध्ये होती. पण पायथॉनमध्ये बूल (खरं-खोटं हा प्रकार) हा इंटचाच (पूर्णांकाचाच) उपवर्ग, त्यामुळे ट्रू बिनबोभाट आत शिरायचं आणि हिशेबात १ धरलं जायचं. भागीदार म्हणाला, "अशा जागा आणखी किती असतील रे?" त्या प्रश्नावर आमचं आजही पोट चालतं.

शोधायला लागलो तशी खाणच लागली. जावात स्ट्रिंगचा (मजकुराचा) ॲरे, म्हणजे यादी, हा ऑब्जेक्टचा (कुठल्याही वस्तूचा) ॲरे म्हणून खपवता येतो. मग त्यात पूर्णांक ठेवायची ओळ लिहिली तरी कंपायलर हूं की चूं करत नाही, प्रोग्रॅम चालताना मात्र ॲरेस्टोअरएक्सेप्शन ही एरर. याला चूक म्हणणं अन्यायाचं आहे. जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड अनेक प्रकारांसाठी लिहायची सोय, आले २००४ मध्ये, जावा ५ बरोबर. त्याआधी कुठल्याही ॲरेला चालेल असं एकच फंक्शन लिहायचं तर ही सूट लागतच होती.

माझी आवडती केस वाघाची. 'प्राणी' या वर्गात 'खा' ही मेथड (वर्गाचं फंक्शन) आहे, ती 'अन्न' घेते. 'वाघ' या उपवर्गात आपण तीच मेथड लिहिली, पण ती फक्त 'मांस' घेते. जावा याला ओव्हरराइड (बापाच्या मेथडच्या जागी बसणारी मेथड) मानतच नाही, दुसरीच मेथड धरतो. त्यामुळे प्राणी म्हणून हाताळलेल्या वाघाला मांस दिलं तरी बापाचीच मेथड चालते. आयफेल या भाषेत हेच ओव्हरराइड धरलं जातं, आणि प्राणी समजून त्या वाघापुढे गवत टाकणारी ओळ तपासणीतून निसटू शकते. वाघ उपाशी मेला तरी गवत खात नाही, हे आपल्याला शाळेपासून पाठ. टाइप सिस्टिमला, म्हणजे कुठल्या जागी कुठल्या प्रकारची (टाइपची) गोष्ट चालेल हे ठरवणाऱ्या भाषेच्या नियमांना, ते पटवताना भल्याभल्यांना घाम फुटलाय.

पहिलं मोठं काम आलं ते अंतर्गत वापरासाठी स्वतःची भाषा बनवणाऱ्या एका कंपनीकडून. तिच्या टाइप चेकरसाठी, म्हणजे हे नियम पाळले जातात का ते तपासणाऱ्या भागासाठी, टेस्ट लिहायच्या होत्या. शेकडो लिहिल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, बिलही दिलं. आणि मग आमचंच पितळ उघडं पडलं. 'हा प्रोग्रॅम नाकारला गेला पाहिजे' अशी एक टेस्ट कित्येक महिने पास होत होती, पण प्रोग्रॅम नाकारला जात होता तो वर्गाच्या नावातल्या आमच्या स्पेलिंगच्या चुकीमुळे. ज्या नियमासाठी ती लिहिली होती, तो नियम चेकरमध्ये अजून बसवलेलाच नव्हता! ग्राहकाच्या इंजिनिअरने ते दाखवलं तेव्हा जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. सगळा संच पुन्हा तपासून दिला, अर्थात फुकट. तेव्हापासून प्रत्येक टेस्टमध्ये कुठल्या ओळीवर, कुठल्या क्रमांकाची एरर यायला हवी ते लिहितो. शिवाय तिला एक जुळी टेस्ट असते: एकच शब्द बदललेला आणि पास व्हायलाच हवा असा प्रोग्रॅम. काम दुप्पट होतं, पण दर कमी करा म्हणणाऱ्यांसाठीसुद्धा जुळी टेस्ट आम्ही सोडत नाही.

वेळेची मर्यादा ही पुढची शिकवण. 'अ' हा 'ब'चा वारस आणि 'ब' हा 'अ'चा, एवढ्या दोन ओळींवर एक चेकर रात्रभर फिरत राहिला. हो नाही, नाही नाही, उत्तरच नाही.

कोटेशनमधला 'शंभर टक्के खात्री' हा शब्दप्रयोगही काढला. नादा अमीन आणि रॉस टेट या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जावा आणि स्काला या दोन्ही भाषांच्या टाइप सिस्टिमला भोक आहे. नल ('इथे काहीच नाही' ही खूण) वस्तूच्या कुठल्याही टाइपच्या जागी चालतो, अस्तित्वातच असू न शकणाऱ्या टाइपच्यासुद्धा. तेवढ्या फटीतून, एकही कास्ट (टाइप बदलायची उघड सूचना) न लिहिता, कुठल्याही टाइपला कुठलाही टाइप म्हणवून घेता येतं. जगभर वापरात असलेल्या जावात २००४ पासून असलेलं हे भोक बारा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, तर आमच्यासारख्यांनी खात्री कसली द्यायची? एक-दोन ग्राहक यावरून गेले. जाऊ देत.

आता आम्ही नऊ जण आहोत. मुलाखतीत एकच काम देतो: टाइपच्या एका नियमावर नाकारला जाईल असा प्रोग्रॅम लिहा. बहुतेकांचा नाकारला जातो, पण सेमीकोलन विसरल्यामुळे. त्यांना आम्ही स्पेलिंगवाली ती जुनी टेस्ट दाखवतो. ती अजून फोल्डरमध्ये आहे, चुकीसकट.