‘वयोमानानुसार आकुंचन’ म्हणजे नेमकं किती?

सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय काढला, की रिपोर्टच्या शेवटी एक ओळ हमखास सापडते: ‘वयोमानानुसार मेंदूचं आकुंचन’. ती वाचून काही घरं निर्धास्त होतात, काही घाबरतात. खरं तर त्या ओळीतून हाती काहीच लागत नाही. स्कॅन विस्मरणासाठी केला असेल, तर आकुंचन कुठे आहे आणि किती आहे, हे लिहिलेलं असायलाच हवं.

अल्झायमरमध्ये सहसा सुरुवातीलाच झिजतो तो कानशिलाच्या आतला भाग: हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला मेंदूचा पट्टा. हिप्पोकॅम्पसची लांबी जेमतेम चार-पाच सेंटीमीटर. नेहमीच्या पाच मिलिमीटर जाडीच्या आडव्या छेदांत तो धड दिसतही नाही. म्हणून एक मिलिमीटर जाडीचा त्रिमितीय टी-वन सिक्वेन्स (एमआरआयचा एक चित्रप्रकार) घ्यायचा आणि त्यातून हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात कॉरोनल छेद काढायचे, म्हणजे माणसाकडे समोरून पाहिल्यासारखे. डोकं किंचित कललेलं असेल तर एक बाजू उगाच बारीक भासते, त्यामुळे छेद आधी सरळ करून घ्यावे लागतात.

आता त्या एका छेदावर थांबा. हिप्पोकॅम्पसची उंची बघा. त्याच्या वर, आतल्या अंगाला कोरॉइड फिशर नावाची फट असते आणि बाहेरच्या अंगाला टेम्पोरल हॉर्न, म्हणजे पाण्याच्या पोकळीचं टोक. ऊतक झिजलं की त्याची जागा पाणी घेतं आणि टी-वनवर पाणी काळं दिसतं. फिलिप शेल्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यावरूनच ० ते ४ गुणांची मोजपट्टी दिली. फक्त फट थोडी रुंदावली तर १; हॉर्नही मोठं झालं आणि उंची जराशी घटली तर २; उंची स्पष्ट घटली तर ३; हिप्पोकॅम्पस पार चपटा झाला तर ४. उजव्या-डाव्या बाजूला वेगवेगळे गुण द्यायचे. साधारणपणे पंचाहत्तरीच्या आत २ आणि त्यानंतर ३ गुण झाले की ते वयाच्या मानाने जास्त समजतात. रिपोर्टमध्ये हे आकडे नसतील तर रेडिओलॉजिस्टकडे मागा. संकोच करू नका, डोळ्यांनी बघून गुण द्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मात्र गुण कमी आले म्हणून अल्झायमर नाहीच, असं होत नाही. सुरुवातीला एमआरआय साफही येतो.

याच स्कॅनमध्ये उपचार करता येण्याजोगी कारणंही शोधायची असतात. पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीखाली साकळलेलं रक्त, गाठ, किंवा मेंदूतलं पाणी वाढून चाल, लघवीवरचा ताबा आणि स्मृती तिन्ही बिघडवणारा आजार. फ्लेअर या दुसऱ्या चित्रप्रकारावर मेंदूच्या पांढऱ्या भागातले डाग फाझेकास मोजपट्टीने ० ते ३ असे मोजतात, तर बारीक रक्तस्रावांसाठी एसडब्ल्यूआय हा आणखी एक सिक्वेन्स लागतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो हालचालीमुळे. त्रिमितीय टी-वनला साधारण पाच मिनिटं लागतात, आणि गोंधळलेल्या माणसाला पाच मिनिटं निश्चल राहणं फार जड जातं. नुसतं चित्र पुसट झालं तर ते कळतं तरी. पण थोड्याशा हालचालीने मेंदूचं साल (वरचा थर, कॉर्टेक्स) असतं त्याहून पातळ मोजलं जातं, आणि संगणकाने काढलेल्या आकड्यांत खोटी झीज दिसते. म्हणून हा सिक्वेन्स अगदी सुरुवातीला, माणूस ताजातवाना असताना उरकावा. आधी लघवीला नेऊन आणा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज घट्ट बसवा. कानाचं यंत्र काढायचंच असतं, त्यामुळे आत काय होणार ते त्याआधी सांगून टाका, छोट्या वाक्यांत, दोनदा. शक्य असेल तर धातूच्या वस्तू बाहेर ठेवून, सुरक्षा-तपासणी झालेला घरचा माणूस आत हात धरून बसू द्या. झोपेचं औषध शक्यतो टाळा. वयस्कर माणसाचा गोंधळ त्याने आणखी वाढू शकतो.

एफडीजी पेट, म्हणजे किंचित किरणोत्सारी असं साखरेसारखं औषध टोचून काढलेला स्कॅन, हे पुढचं पाऊल. मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो, ते त्यात दिसतं. अल्झायमरमध्ये कानशिलाचा आणि मागच्या-वरच्या भागातला वापर घटतो. किमान चार तास उपाशी राहावं लागतं आणि रक्तातली साखर साधारण १६०च्या आत असावी लागते, नाहीतर रक्तातली साखर औषधाशी स्पर्धा करते आणि चित्र फिकं येतं. मधुमेह्यांनी इन्सुलिनची वेळ आधीच विचारून ठेवावी. इंजेक्शनच्या थोडं आधीपासून नंतर अर्धा तास तरी मंद उजेडात शांत बसायचं; फोन नाही, गप्पा नाहीत. त्या वेळात मेंदू जे काम करेल, तेच चित्रात उमटतं.

वर्षभराने पुन्हा स्कॅन करायचा झाला तर त्याच मशिनवर, त्याच सिक्वेन्सने करा. मशिन बदललं तरी मोजमापात फरक पडतो, आणि तो फरक झीज समजून वाचला जातो. पहिल्या वेळची फक्त फिल्म ठेवून भागत नाही. मूळ डेटाची सीडी मागून घ्या आणि ती उघडते का, ते तिथेच बघा.