जनरल गोर्बातोव्हचं युद्ध, तारीखवार

अलेक्सांद्र वासिल्येविच गोर्बातोव्हची युद्धातली कारकीर्द लिहायला घेतली की पहिली पंचाईत सुरुवातीचीच. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला 22 जून 1941 ला. त्याच्या साडेतीन महिने आधीपर्यंत हा माणूस देशाचा शत्रू ठरून शिक्षा भोगत होता. आणि युद्ध संपल्यावर, जून 1945 मध्ये, तोच बर्लिनचा सोव्हिएत कमांडंट झाला. या दोन टोकांमधला रस्ता एका वहीत तारीखवार उतरवायचा, एवढंच काम मी अंगावर घेतलं होतं. आमच्या अभ्यास मंडळात प्रत्येकाने एकेक सेनापती घ्यायचा असं ठरलं, झुकोव्ह आणि कोनेव्ह लगेच उचलले गेले, आणि मला हा मिळाला. खरं तर मी मागूनच घेतला.

माझी नोकरी भूमी अभिलेखातली. रशियन शिकले ती निवृत्तीनंतर, हौस म्हणून. अजूनही शब्दकोश हाताशी लागतो. त्यामुळे सुरुवात सोपी वाटेल तिथून केली, म्हणजे गोर्बातोव्हच्या स्वतःच्या आठवणींपासून. त्या 1964 साली ‘नोवी मीर’ मासिकात आल्या. त्याची वाक्यं आखूड असतात आणि त्यात फुशारकी नाही. माझ्यासारखीला हे वरदानच.

जन्म 1891 चा, व्लादिमीर प्रांतातल्या पाखोतिनो गावी, गरीब शेतकऱ्याच्या घरी. झारच्या सैन्यात हुसार, म्हणजे घोडदळातला शिपाई. 1919 पासून लाल सैन्यात. 1938 साली तो सहाव्या घोडदळ कोरचा, म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेल्या दलाचा, उपसेनापती होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, स्टालिनने सैन्याधिकाऱ्यांची धरपकड चालवली होती तेव्हा, मॉस्कोत अटक, मग लेफोर्तोवो तुरुंग. मारहाण झाली, तरी त्याने कबुलीजबाबावर सही केली नाही. मे 1939 मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी रशियाच्या अतिपूर्वेला कोलिमाच्या छावण्यांत, माल्द्याकच्या सोन्याच्या खाणीत.

हा भाग युद्धाचा नाही, म्हणून वहीत दोन ओळींत उरकायचा असं ठरवलं होतं. पण बोटीवरचा एक प्रसंग वाचला आणि दोन ओळींवर भागलं नाही. कोलिमाचं बंदर मगादान, तिकडे जाणाऱ्या त्या बोटीत सराईत गुन्हेगारही कोंबलेले होते. त्यांतल्या एकाला गोर्बातोव्हचे बूट आवडले. त्याने छातीत ठोसा हाणला आणि वर सगळ्यांना ओरडून सांगितलं, की बघा, या माणसाने मला बूट विकले, पैसेही घेतले आणि आता बूट द्यायला तयार नाही! सगळे हसले. बूट गेले. पुढे पाच वर्षांच्या आत याच माणसाच्या हुकमावर एक संपूर्ण सैन्य हलणार होतं.

खाणीत स्कर्व्ही झाला, दात हलू लागले, पाय सुजले. बायकोने मॉस्कोत अर्ज-विनंत्यांचा पिच्छा सोडला नाही, मार्शल बुद्योन्नीनेही शब्द टाकला, खटला पुन्हा तपासला गेला. 5 मार्च 1941 ला सुटका झाली. हा दिवस तो आपला दुसरा जन्मदिवस मानायचा. त्यानंतर संरक्षणमंत्री तिमोशेन्कोने त्याला बोलावून विश्रांती घ्यायला सांगितलं आणि तीस महिन्यांचा पगार चुकता करण्याचे आदेश दिले. हे वाचून मला हसू आवरेना. माणूस यमाच्या दारातून परत आलाय आणि सरकार थकबाकी काढून देतंय! आमच्या कार्यालयात वेतनवाढीची थकबाकी निघायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

आठवणी वाचून झाल्यावर कागदांकडे वळले. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने ‘पाम्यात नारोदा’ या संकेतस्थळावर पोदोल्स्कच्या अभिलेखागारातले युद्धकालीन कागद स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे नुसतं आडनाव टाकून काही होत नाही, गोर्बातोव्ह ढिगाने निघतात. नाव, पित्याचं नाव आणि जन्मसाल अशी तिन्ही खणं भरली की मगच गर्दी ओसरते. मोबाइलवर रशियन कीबोर्ड बसवून घ्यावा, कारण रोमन लिपीत टाइप केलं तर शोध बिथरतो. आणि हाताने लिहिलेला कागद पहिल्या दिवशी वाचायला घेऊ नये. आधी टाइप केलेले घ्यावेत. त्यांतले संक्षेप सरावाने कळू लागतात. रायफल डिव्हिजन म्हणजे पायदळाची डिव्हिजन, ती दोन अक्षरांत उरकलेली असते. रायफल कोर, कमांड पोस्ट, टेहळणीची जागा या सगळ्यांना अशीच दोन-दोन अक्षरं.

सन्मानासाठी शिफारस करायचा छापील कागद असतो, तो मला सगळ्यात बोलका वाटला. त्यात हुद्दा, जन्मसाल, पक्षात कधीपासून, सैन्यात कधीपासून, कोणत्या लढायांत भाग घेतला, जखमा किती, आधीची पदकं कोणती असे रकाने आहेत. अटकेचा रकाना नाही. अडीच वर्षं खाणीत आणि तुरुंगात गेलेला माणूस या फॉर्मात अखंड नोकरी केलेला दिसू शकतो. म्हणून वहीची पानं उभी दुभागली. डावीकडे तो स्वतः काय सांगतो ते, उजवीकडे कागद काय सांगतात ते.

युद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे 25 व्या रायफल कोरचं उपसेनापतिपद होतं. आयुष्य घोड्यावर गेलेला माणूस इथून पुढे, मधला अगदी थोडा काळ सोडता, पायदळाचाच झाला. कोर युक्रेनमधून घाईघाईने विटेब्स्कच्या बाजूला नेण्यात आला. जुलैमध्ये तिथे जे चाललं होतं त्याला लढाई म्हणणं कठीण आहे. माणसं मोठ्या रस्त्याने मागे पळत होती आणि गोर्बातोव्ह त्यांना अडवून परत वळवत होता. त्याच दिवसांत पायात गोळी लागली. प्रशिक्षित अधिकारी युद्धाआधीच्या धरपकडीत गारद केले, आता लढायचं कोणी, हा प्रश्न त्याच्या आठवणींत येतो. 1964 साली मॉस्कोत हे छापून आलं, हीच मोठी गोष्ट.

शरद ऋतूत त्याला 226 वी रायफल डिव्हिजन मिळाली. 1941-42 च्या हिवाळ्यात खारकोव्हच्या परिसरात या डिव्हिजनने जे केलं, ते माझ्या वहीतलं आवडतं पान. समोरच्या खंदकांवर दिवसाढवळ्या धडकण्याऐवजी रात्री बर्फातून आत शिरायचं, मागच्या गावात निवांत झोपलेल्या जर्मन तुकडीवर पडायचं आणि सामान घेऊन परतायचं. मंडळात हे सांगितल्यावर मावळ्यांची आठवण निघणार हे मला ठाऊक होतं, आणि निघालीच; मी स्वतः तो मोह टाळला होता. डिसेंबर 1941 मध्ये तो मेजर जनरल झाला. मे 1942 ची खारकोव्हची चढाई एकूण सोव्हिएत सैन्यासाठी विनाशकारी ठरली, पण सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या डिव्हिजनने नेपोक्रितोये घेतलं. हे गाव नकाशावर शोधताना माझी दुपार गेली.

नकाशांबद्दल सांगायलाच हवं, कारण खरी मेहनत तिथेच आहे. नद्या आधी काढाव्यात, मग रेल्वे, आणि गावं शेवटी. गावांची नावं बदलतात, नदी बहुतेक जागेवर असते. झुशा, द्नेपर, नारेव्ह या तीन नद्या नीट बसल्या की 1943 पासूनचा गोर्बातोव्ह निम्मा हातात आला.

जून 1943 मध्ये त्याच्याकडे तिसरं सैन्य आलं, आणि ते युद्ध संपेपर्यंत त्याच्याकडेच राहिलं. इथे नवख्या माणसाने जपून राहावं. सोव्हिएत सैन्यात तिसरं सैन्य होतं, तिसरं गार्ड सैन्य होतं, तिसरं शॉक सैन्य होतं, शिवाय तिसरं गार्ड टँक सैन्यही. बर्लिनच्या संसदेवर झेंडा लावला तो तिसऱ्या शॉक सैन्याच्या लोकांनी; त्यांचा गोर्बातोव्हशी संबंध नाही. दुसरं म्हणजे ‘फ्रंट’. फ्रंट म्हणजे अनेक सैन्यांचा मिळून एक समूह, आणि एखादं सैन्य आज या फ्रंटखाली तर उद्या त्या. गोर्बातोव्हचं सैन्य आधी ब्र्यान्स्क फ्रंट, मग मध्य फ्रंट, मग बेलोरशियन. त्या बेलोरशियनचं नाव फेब्रुवारी 1944 मध्ये ‘पहिली बेलोरशियन’ झालं, एप्रिलमध्ये परत नुसतं बेलोरशियन, आणि त्याच महिन्यात पुन्हा पहिली. पुढे दुसरी, तिसरी आणि अखेर परत पहिली. जुन्या जमिनीचे फेरफार लावताना जसा एकेक नंबर मागे ओढत न्यावा लागतो, तसंच हे. एक सुटला की पुढचे सगळे कागद भलत्याच फ्रंटच्या फायलीत शोधत बसाल.

12 जुलै 1943 ला झुशा नदीवरून ओर्योलच्या दिशेने चढाई सुरू झाली. 5 ऑगस्टला ओर्योल मुक्त झालं. त्याच दिवशी बेल्गोरोदही, आणि त्या रात्री मॉस्कोत तोफांच्या बारा फैरी झाडून युद्धातली पहिली विजयसलामी देण्यात आली. माझ्या वहीची डावी-उजवी बाजू मात्र सलामीच्या दोन दिवस आधी अडखळली. 3 ऑगस्टला 308 व्या डिव्हिजनचा सेनापती गुर्त्येव्ह मारला गेला. हाही 1891 चाच, स्टालिनग्राडच्या बारिकादी कारखान्याजवळ लढून आलेला. सर्वत्र सांगतात ती गोष्ट अशी, की गुर्त्येव्हने स्वतःच्या शरीराची ढाल करून गोर्बातोव्हला वाचवलं. गोर्बातोव्हच्या आठवणींतलं चित्र साधं आहे. टेहळणीच्या जागी दोघं जवळजवळ, तोफगोळे येऊ लागले, सगळे खाली पडले, आणि गुर्त्येव्ह म्हणाला की साहेब, मी बहुतेक मेलो. मान गोर्बातोव्हच्या खांद्यावर टेकली. मी वहीत दुसरं ठेवलं. शेजारी असलेल्या माणसाला पहिलं सांगणं सोयीचं होतं, त्यात मित्राचा गौरवही जास्त होता, तरी त्याने ते सांगितलं नाही.

फेब्रुवारी 1944 मध्ये गोठलेल्या द्नेपरवरून पलीकडे जाऊन त्याच्या सैन्याने रोगाचेव्ह घेतलं. त्या मोहिमेत शिक्षा झालेल्या अधिकाऱ्यांची आठवी स्वतंत्र दंड-बटालियन शत्रूच्या पिछाडीला पाठवली होती. दंड-बटालियनमधून सुटायचं तर नियमाने मुदत पूर्ण करा किंवा जखमी व्हा. गोर्बातोव्हने कामगिरी पार पाडणाऱ्या बऱ्याच जणांना जखम नसतानाही शिक्षेतून मोकळं केलं. का, हे मला कुठल्या कागदात शोधावंसं वाटलं नाही.

रोकोसोव्स्की त्याचा फ्रंट-सेनापती. तोही 1937 मध्ये पकडला जाऊन 1940 मध्ये सुटलेला. दोघांचं सूत जमलं असेल असं वाटतं, पण गोर्बातोव्हने थेट वरिष्ठ मुख्यालयाकडे त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. पुरेसं बळ न देता माझ्या सैन्याला चढाई करायला लावतात, अशी. मुख्यालयाने ती रोकोसोव्स्कीकडेच पाठवली. त्याने गोर्बातोव्हला बोलावून मोठा बेत समजावला, आणि पुढे आपल्या आठवणींत लिहिलं की या तक्रारीमुळे तो माझ्या नजरेत वरच चढला. साहेबाविरुद्ध वर लिहिणारा हाताखालचा माणूस आणि त्याबद्दल त्याला मान देणारा साहेब, हे दोन्ही एकाच जागी सापडणं मला नोकरीत कधी पाहायला मिळालं नाही.

जून 1944 च्या बाग्रातिओन मोहिमेत, म्हणजे बेलारूसमधल्या मोठ्या सोव्हिएत चढाईत, तिसऱ्या सैन्याने बोब्रुइस्कच्या उत्तरेकडून मुसंडी मारली. पहिला दिवस जड गेला, पण 29 जूनला शहर पडलं आणि त्याच दिवशी तो कर्नल जनरल झाला. पुढे ब्यालिस्तोक, नारेव्ह, आणि 1945 च्या जानेवारीत पूर्व प्रशिया. तिथे गावांना जर्मन, रशियन आणि आताचं पोलिश अशी तीन-तीन नावं. 18 फेब्रुवारीला तिसऱ्या बेलोरशियन फ्रंटचा सेनापती चेर्न्याखोव्स्की तोफगोळ्याच्या तुकड्याने मेलझाकजवळ मारला गेला, तो तिसऱ्या सैन्याच्याच हद्दीत. आज ते गाव पोलंडमधलं प्येन्येंझ्नो. 10 एप्रिलला गोर्बातोव्हला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. त्यानंतर बर्लिनच्या आग्नेयेला कोंडलेल्या जर्मन सैन्याशी लढाई आणि एल्ब नदी. जूनमध्ये बर्लिनचा कमांडंट बेर्झारिन मोटारसायकल अपघातात गेला आणि त्याची जागा गोर्बातोव्हकडे आली.

वही इथे थांबवली. 1950 ते 1954 तो सोव्हिएत हवाई छत्री दलांचा प्रमुख होता, पण ते मंडळाच्या विषयाबाहेरचं. वही आता दुसऱ्यांच्या हातात आहे. मंडळातल्या एका काकांनी पुढच्या खेपेला गुर्त्येव्ह घ्यायचं ठरवलंय. त्यांना मी एवढंच सांगितलं, की 308 व्या डिव्हिजनचे 1944 चे कागद निघाले तर ते बाजूला ठेवा. गुर्त्येव्हची डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये 120 वी गार्ड (हा पराक्रमी तुकड्यांना मिळणारा मानाचा दर्जा) झाली; नंतरची 308 वी लाटव्हियन माणसांची, नव्याने उभी केलेली.